शनवार तेल्यांचा शब्बाथ

आमच्या सुशिक्षित घरांतून एक प्रश्न गेलीं शंभर-सव्वाशें वर्षें या ना त्या रूपानें निघत आला आहे. ज्या आचाराचा अर्थ आपणांस कळत नाहीं, तो पाळावा कीं टाकावा? वडील माणसें म्हणतात, पाळावा. कारण आजवर पाळीत आलों आहों. मुलें म्हणतात, टाकावा. कारण तो कां पाळावयाचा हें कोणीहि सांगूं शकत नाहीं. वाद बहुधा येथेंच थांबतो, आणि पुढें तो आचार ना धड पाळला जातो, ना धड टाकला जातो. ह्या प्रश्नाचा निकाल केवळ तर्कानें लागेल असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु एखाद्या समाजाच्या अस्तित्वाचाच जेव्हां हा प्रश्न झाला, तेव्हां काय घडलें हें पाहिल्यास कांहीं उजेड पडेल. असा समाज शोधावयास फार दूर जावयास नको. तो आमच्या पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यांतला, आमचीच भाषा बोलणारा आहे. कोंकणांतील शेजारी त्यांस शनवार तेली म्हणत. ते आपणांस बेने इस्रायल, म्हणजे इस्रायलाचीं लेकरें, असें म्हणवीत.

त्यांची परंपरा अशी कीं, फार प्राचीन काळीं त्यांच्या पूर्वजांचें तारूं अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्याशीं फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. धर्मग्रंथ होते नव्हते ते समुद्रांत गेले. ह्या कथेचा काळ कोणता व तींत इतिहास किती, ह्याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं, आणि आमच्या विषयास त्याची जरूरहि नाहीं. एवढें निश्चित कीं, अठराव्या शतकांत बाहेरच्या जगाची दृष्टि ह्या लोकांवर पडली, तेव्हां ते कोंकणांत इतके मुरले होते कीं, किहीमचे ते किहीमकर, दिव्याचे ते दिवेकर, अष्टमीचे ते अष्टमकर, अशीं गांवांवरून पडलेलीं आडनांवें ते लावीत. पुष्कळांच्या घरीं तेलाचा घाणा असे. गाईचें मांस ते खात नसत, आणि विधवेचें पुनर्लग्नहि शेजाऱ्यांप्रमाणेंच त्यांस निषिद्ध वाटे. पोशाखावरून किंवा बोलण्यावरून त्यांस वेगळें काढणें कठीण होतें. परंतु शुक्रवारीं सूर्य मावळला कीं त्यांचा घाणा थांबे, आणि शनिवारीं सूर्य मावळेपर्यंत तो फिरत नसे. एवढ्या एका गोष्टीवरून गांवानें त्यांस नांव दिलें.

कोचीनचे प्रसिद्ध यहुदी व्यापारी एझकियेल राहाबी ह्यांनीं १७६८ सालीं हॉलंडांत धाडलेल्या एका पत्रांत ह्या लोकांचा उल्लेख आहे. ते तेलाचा धंदा करितात, शब्बाथ पाळितात, आणि 'शेमा' ह्या ईश्वराच्या एकत्वाच्या घोषापलीकडे त्यांस फारसें कांहीं ठाऊक नाहीं, अशा आशयाचें तें वर्णन आहे. म्हणजे ग्रंथ नाहीं, हिब्रू भाषा नाहीं, उपाध्याय नाहीं, मंदिर नाहीं. उरलें होतें तें एवढेंच: मुलाची आठव्या दिवशीं सुंता, शनिवारची विश्रांति, खाण्यापिण्याचे कांहीं निर्बंध, शेमाचे शब्द आणि कांहीं सण.

ह्या सणांचीं नांवें लक्षांत घेण्यासारखीं आहेत. हिब्रू नांवें विसरून गेल्यामुळें त्यांनीं सणांस आपलीं मराठी नांवें दिलीं, आणि तीं सगळीं त्या दिवशीं हातानें काय करावयाचें ह्यावरून पडलीं आहेत. प्रायश्चित्ताच्या महान् दिवसास ते 'दारफाळणीचा सण' म्हणत. कारण त्या दिवशीं दारें लावून घेऊन घरांत उपोषण करावयाचें. मिसर देशांतून झालेल्या सुटकेच्या सणांत आंबवलेला पदार्थ वर्ज्य असतो. तो सण त्यांच्याकडे 'अनाशी ढाकाचा', म्हणजे आंबट रसाचें भांडें झांकून ठेवण्याचा सण, होऊन राहिला. यरुशलेमेंतील मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन हा 'बिरड्याचा सण' झाला. कारण त्या दिवशींच्या जेवणांत वालाचें बिरडें असे. मंदिर कोणतें, तें कोणीं पाडिलें, मिसरांतून कोण सुटलें, ह्या सर्व गोष्टी स्मरणांतून गेल्या, किंवा अगदीं अंधुक झाल्या. भांडें झांकावयाचें, दार लावावयाचें, बिरडें रांधावयाचें, हें मात्र राहिलें. अर्थ गेला आणि आचार उरला, ह्याचें इतकें स्पष्ट उदाहरण इतिहासांत क्वचितच सांपडेल.

आमच्यांतील कोणी सुधारक त्या काळीं नवगांवास गेला असता, तर त्यानें काय म्हटलें असतें ह्याची आम्ही कल्पना करूं शकतों. 'बाबांनो, तुम्ही भांडें कां झांकितां हें तुम्हांस ठाऊक नाहीं, तर मग झांकितां कशाला?' हा प्रश्न त्या काळीं रास्तच ठरला असता, आणि त्यास उत्तर देणारा मनुष्य त्या गांवांत मिळाला नसता. तरी त्या लोकांनीं भांडें झांकिलें नसतें, तर पुढें ज्यांनीं येऊन त्यांस त्यांचा इतिहास परत दिला, त्यांस तो कोणास द्यावयाचा हेंच कळलें नसतें.

ह्या परत देण्याची कथा त्यांच्यांत मोठ्या प्रेमानें सांगतात. डेव्हिड राहाबी नांवाचा एक विद्वान् यहुदी कोंकणांत आला. हे लोक खरोखर आपले आहेत कीं नाहींत हें पाहण्यासाठीं त्यानें स्त्रियांपुढें तऱ्हेतऱ्हेची मासळी ठेविली आणि ती रांधावयास सांगितलें. त्या स्त्रियांनीं पर व खवले असलेली मासळी तेवढी वेंचून घेतली आणि बाकीची बाजूस सारिली. शास्त्राचा नियम नेमका हाच आहे. मग राहाबीची खात्री पटली; त्यानें त्यांस धर्म शिकविला आणि तीन घराण्यांतील पुरुष निवडून त्यांस काजीचें काम सांगितलें. हा राहाबी केव्हां आला ह्याविषयीं मतभेद आहेत. पुष्कळ अभ्यासक त्याची सांगड अठराव्या शतकांतील कोचीनच्या राहाबी घराण्याशीं घालितात. काळ कोणताहि असो, कथेंतील परीक्षा विचार करण्यासारखी आहे. विद्वानानें पुरुषांस तत्त्वज्ञान विचारिलें नाहीं. बायकांस मासे निवडावयास सांगितले. जें ज्ञान कोणाच्या तोंडीं नव्हतें, तें त्यांच्या हातांत होतें.

पुढें मुंबईच्या वाढीबरोबर हे लोक तिकडे लोटले. सैन्यांत पुष्कळजण शिरले आणि हुद्यास चढले. समाजी हसाजी दिवेकर हे त्यांतलेच एक. म्हैसूरच्या लढाईंत ते टिपूच्या कैदेंत पडले. तेथून सुटून आल्यावर १७९६ सालीं त्यांनीं मुंबईंत मांडवीच्या बाजूस पहिलें प्रार्थनामंदिर बांधिलें. त्यास आजहि 'जुनी मशीद' म्हणतात. मग कोचीनहून शिक्षक आले. ख्रिस्ती मिशनऱ्यांनीं शाळा काढिल्या, डॉ. जॉन विल्सन ह्यांनीं १८३२ सालीं ह्याच लोकांसाठीं हिब्रू भाषेचें व्याकरण मराठींत छापिलें. विल्सनसाहेबांचा हेतु धर्मांतराचा होता हें उघड आहे. परंतु बेने इस्रायलांनीं व्याकरण घेतलें आणि धर्म आपलाच ठेविला. १८४६ सालीं मिसरांतून सुटकेच्या रात्रीं वाचावयाची हागादा मराठी भाषांतरासह मुंबईंत शिळाप्रेसवर छापून निघाली. जोसेफ एझकियेल राजपूरकर ह्यांनीं प्रार्थनांचीं मराठी भाषांतरें केलीं. १८७५ सालीं हाईम सॅम्युएल किहीमकर ह्यांच्या पुढाकारानें इस्रायली शाळा उभी राहिली. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर ह्यांनीं आमच्या हरिदासांचें कीर्तन पाहून तोच प्रकार आपल्या समाजांत आणिला, आणि अब्राहाम, योसेफ व मोशे ह्यांचीं आख्यानें मराठी साकी-दिंडींत रंगूं लागलीं. ज्या घरांतून शतकानुशतकें भांडें नुसतें झांकिलें जात होतें, तेथें आतां तें कां झांकावयाचें हें लहान मूलहि मराठींत वाचून सांगूं लागलें.

येथवरची कथा ऐकावयास गोड आहे. आणि इतिहास येथेंच संपता तर आमच्या प्रश्नाचें उत्तर सोपें झालें असतें. परंतु ज्या पन्नास-पाऊणशें वर्षांत शब्बाथाचा अर्थ त्यांस परत मिळाला, त्याच वर्षांत खुद्द शब्बाथ त्यांच्या हातून सुटत चालला.

ह्याचें कारण अश्रद्धा नव्हे. घाणा स्वतःचा होता. तो शनिवारीं थांबविण्यास कोणाची परवानगी लागत नसे. फार तर एका दिवसाचें तेल कमी निघे. परंतु शाळेंत शिकलेला मुलगा घाण्यावर बसला नाहीं. तो सरकारी कचेरींत, रेल्वेंत, टपालखात्यांत कारकून झाला. तेथें सुटी रविवारची. शनिवारीं सूर्य मावळेपर्यंत हात थांबविणें ही गोष्ट आतां त्याची राहिली नाहीं. ती साहेबाच्या मर्जीची झाली. यहुदी शास्त्रकारांनीं शब्बाथास वर्ज्य अशीं ३९ मूळ कर्में सांगितलीं आहेत. फळें पिळून तेल काढणें तें मळणीच्या पोटांत धरितात, आणि लिहिणें हें तर स्वतंत्रच निषिद्ध कर्म आहे. तेव्हां बापाचा धंदा व मुलाचा धंदा हे दोन्ही शनिवारीं सारखेच वर्ज्य. परंतु बाप निरक्षर असून तें पाळूं शके, आणि मुलगा ती यादी मुखोद्गत असून शनिवारीं सकाळीं दौत-लेखणी घेऊन कचेरींत बसे. ज्या शिक्षणानें त्यास अर्थ दिला, त्याच शिक्षणानें दिलेल्या नोकरीनें त्याचा आचार नेला. ह्या कोड्यांत आमचा वाचकवर्ग स्वतःस ओळखील.

मग त्यांनीं काय केलें? कांहींनीं नोकरी सोडिली असेल, कांहींनीं शब्बाथच सोडिला असेल; परंतु सर्वसाधारण कुटुंबानें ह्या दोहोंच्या मधला मार्ग धरिला, आणि तो सांपडण्यास त्यांच्या पंचांगानें साहाय्य केलें. यहुदी दिवस सूर्यास्तापासून मोजला जातो. शब्बाथ शनिवारीं सकाळीं लागत नाहीं. तो शुक्रवारीं संध्याकाळीं येतो. लंडनास मार्गशीर्ष-पौषांत दुपारीं चाराच्या आंतच सूर्य मावळतो. तेथील यहुदी कारकुनास शुक्रवारहि अवघड. मुंबईस मात्र ऐन हिंवाळ्यांतहि तो सहाच्या सुमारास मावळतो. कचेरी सुटल्यावर घाईनें घर गांठलें तर राणीस सामोरें जातां येई. यहुदी लोक शब्बाथास राणी मानितात. म्हणून त्यांचें सारें शब्बाथपण शुक्रवारच्या संध्याकाळीं गोळा झालें. घर सारवून-पुसून लख्ख करावयाचें, घरधनिणीनें दिवा लावावयाचा, काळ्या मनुका भिजवून काढलेल्या सरबताच्या पेल्यावर आशीर्वाद म्हणावयाचा, मुलांच्या डोक्यावर हात ठेवावयाचा आणि सर्वांनीं एका पंक्तीस जेवावयाचें. द्राक्षासव कोंकणांत कोठून मिळणार? मनुका मात्र वाण्याकडे मिळत. ह्या एका पेल्यांत शास्त्र आणि बाजार ह्यांची कशी समजूत पटली आहे, हें पाहण्यासारखें आहे.

कर्मठ मनुष्य म्हणेल कीं, हा अर्धा शब्बाथ होय. आणि त्याचें म्हणणें खोटें नाहीं. परंतु ही अर्धी गोष्ट कोठून आली हेंहि पाहिलें पाहिजे. ती तडजोड खरी, तरी तींत निवड आहे. चोवीस तासांतले चार तासच हातांत उरले, तेव्हां त्या चार तासांत काय वांचवावयाचें हें त्या घरांनीं, विशेषतः त्या घरांतील स्त्रियांनीं, ठरविलें. आणि त्यांनीं दिवा, पेला व पंक्ति हीं वांचविलीं. मासळी निवडणाऱ्या स्त्रियांच्या नातीपणतींनींच हें केलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. पुढें ह्या समाजांत असाहि एक पक्ष झाला कीं, जो म्हणूं लागला, आचार कमी झाला तरी चालेल, परंतु जो आहे तो समजून झाला पाहिजे. डॉ. जेरुशा झिराड ह्यांनीं विलायतेंत वैद्यकीचें शिक्षण घेत असतां तेथील उदारमतवादी यहुद्यांची प्रार्थनापद्धति पाहिली होती. त्यांच्या पुढाकारानें १९२५ सालीं मुंबईंत तशा विचाराची संस्था निघाली. जुन्या मंडळींस ती रुचली नाहीं. समाजाचा मोठा भाग जुन्या पद्धतीच्याच मंदिरांत जात राहिला. परंतु प्रश्न उघडपणें विचारला गेला, हेंहि थोडें नव्हे.

हाच प्रश्न युरोपांतील यहुद्यांस आमच्याहून आधीं पडला होता, परंतु उलट्या बाजूनें. तेथें ग्रंथ भरपूर होते. नाहींसा होत होता तो आचार. मोझेस मेंडेलसोन ह्यांनीं १७८३ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'यरुशलेम' ह्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, यहुदी धर्माचें वैशिष्ट्य विशिष्ट मतांत नसून आचारांत आहे. सत्य बुद्धीस कळतें, आणि आचार त्याची रोज आठवण देतो. परंतु त्यांच्या पुढच्याच पिढ्यांनीं मतें ठेविलीं आणि आचार सोडिले. हाम्बुर्गास १८१८ सालीं सुधारलेलें मंदिर निघून जर्मन भाषेंत प्रार्थना होऊं लागल्या. बर्लिनच्या सुधारक मंडळीनें तर आपली साप्ताहिक प्रार्थना अखेर रविवारावर नेली. फ्रांट्स रोझेन्त्स्वाइग हा तत्त्वज्ञ अशाच एका घरांत १८८६ सालीं जन्मला. १९१३ सालीं तो ख्रिस्ती होण्याच्या बेतांत होता. परंतु त्याच वर्षीं प्रायश्चित्ताच्या दिवशीं बर्लिनच्या एका जुन्या वळणाच्या मंदिरांत प्रार्थनेस बसून आल्यानंतर त्यानें तो विचार सोडिला, असें त्याच्या चरित्रांत सांगतात. १९२० सालीं त्यानें फ्रांकफुर्ट येथें मोठ्या माणसांसाठीं एक विद्यापीठ काढिलें. डॉक्टर, वकील, व्यापारी तेथें येत आणि आपल्या आजोबांस जें ठाऊक होतें तें नव्यानें शिकत. सगळा आचार एकदम अंगीं बाणवा, असें त्याचें सांगणें नव्हतें. जें आज मनापासून करवेल तें करावें, आणि उरलेल्यास कायमचा नकार न देतां दार उघडें ठेवावें, असा त्याचा मार्ग होता. तो प्रार्थनेचे पट्टे बांधतो काय असें विचारतां त्यानें 'अद्याप नाहीं' असें उत्तर दिलें, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. नवगांवचा तेली आणि फ्रांकफुर्टचा तत्त्वज्ञ ह्यांची गांठ कधीं पडली नसती. परंतु एकाकडे आचार होता व तो अर्थ मिळेतों थांबला, दुसऱ्याकडे अर्थ होता व तो आचाराकडे परतला.

ग्रंथ हातीं आल्यानंतरहि कोंकणच्या ह्या लोकांनीं आपली एक चाल सोडिली नाहीं, तिचा उल्लेख केल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. ती चाल मलिद्याची. आम्ही एकदां एका बेने इस्रायल स्नेह्यांच्या घरीं तिला हजर होतों. त्यांच्या मुलीस नोकरी लागली होती. ताटांत भिजविलेले पोहे, ओलें खोबरें, गूळ, वेलदोडे, बदाम-मनुका, आणि भोंवतीं मांडलेलीं फळें. एलियाहू पैगंबराचें नांव घेऊन हिब्रू प्रार्थना झाली, मग प्रत्येक फळावर वेगळा आशीर्वाद म्हणून प्रसाद वांटला. आम्ही यजमानांच्या वृद्ध मातोश्रींस विचारिलें, 'आजी, हें तुमच्या शास्त्रांत कोठें सांगितलें आहे?' त्या हंसून म्हणाल्या, 'शास्त्रांत नसेल बाबा. पण पोरीला काम मिळालं, तर देवाला सांगायला नको का?' लग्न, नवें घर, परीक्षा, प्रवासाहून सुखरूप परत येणें, ह्या सर्व प्रसंगीं तो मलिदा होतो. इतर देशांच्या यहुद्यांत ही चाल ह्या स्वरूपांत नाहीं. पुस्तकें आल्यावर तिला अशास्त्रीय म्हणून टाकून देणें सोपें होतें. तसें झालें नाहीं. पुस्तकांतील प्रार्थना आणि कोंकणांतील पोहे एकाच ताटाभोंवतीं बसले. रोजच्या संसारांत धर्माचा अर्थ शोधणें म्हणजे काय, हें आम्हांस त्या आजींच्या उत्तरावरून जितकें समजलें, तितकें पुष्कळ ग्रंथांवरून समजलें नव्हतें.

१९४८ सालीं इस्रायलचें राष्ट्र स्थापन झालें आणि पुढच्या दशकांत ह्या समाजाचा मोठा भाग तिकडे गेला. तेथें सुटी शनिवारचीच. कचेरीनें नेलेला शब्बाथ राष्ट्रानें परत दिला. परंतु नियति अशी विचित्र कीं, ज्यांस शेजाऱ्यांनीं शनिवारावरूनच नांव दिलें होतें, त्यांच्या यहुदीपणाविषयींच तेथें शंका निघाली. १९६२ सालीं तेथील धर्मपीठानें ह्यांच्या विवाहाच्या वेळीं पूर्वजांची चौकशी करण्याचा दंडक घातला. ह्या लोकांनीं सत्याग्रह मांडिला, यरुशलेमेंत धरणें धरिलें. १९६४ सालीं तेथील लोकसभेनें त्यांच्या बाजूनें स्पष्ट मत दिलें, आणि धर्मपीठास तो दंडक बदलावा लागला. राहाबीनें मासळी पुढें ठेवून जो प्रश्न सोडविला होता, तो कागद मागणाऱ्यांस सुटेना. आज ते तेथें सन्मानानें राहतात, आणि त्यांच्या घरांतून मलिदा अजून होतो. इकडे २०११ च्या शिरगणतींत साऱ्या हिंदुस्थानांत मिळून ४,६५० यहुदी उरले होते; २०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें त्यांस अल्पसंख्य समाज म्हणून मान्यता दिली. कोंकणांतील कित्येक प्रार्थनामंदिरांत दहा पुरुषांचा गण जमणेंहि आतां कठीण जातें.

ह्या इतिहासावरून सर्व जुने आचार राखावे असा निष्कर्ष आम्ही काढीत नाहीं. विधवेच्या पुनर्लग्नाचा निषेधहि एक आचारच होता. तो सुटला तें योग्यच झालें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, अर्थ कळत नाहीं एवढ्याच कारणानें जो आचार आपण टाकितों, त्याचा अर्थ कदाचित् आपल्या नातवास कळावयाचा असतो. आणि नुसता राखून ठेविलेला आचारहि कोणीं तरी आपल्या काळाच्या कामधंद्यांत बसविल्यावांचून जगत नाहीं. पहिलें काम नवगांवच्या तेल्यांनीं केलें, दुसरें मुंबईच्या कारकुनांच्या बायकांनीं. दोघांपैकीं एकानेंहि आपण कांहीं मोठें करीत आहों असें मानिलें नाहीं. शुक्रवारीं संध्याकाळीं पुण्याच्या लाल देवळावरून जातांना आम्हांस पुष्कळदां ह्या दोघांची आठवण होते. मग घरीं येऊन आमच्या देवघरांतील दिवा लागला आहे कीं नाहीं, हें आम्ही पाहतों. तो कां लावावयाचा, हें आमच्या मुलांनीं विचारलें तर पूर्ण उत्तर आम्हांपाशीं आजहि नाहीं. परंतु उत्तर मिळेपर्यंत तो विझवूं नये, एवढें आम्ही ह्या शेजाऱ्यांपासून शिकलों आहों.